पेग डोळ्यांसमोर मोजा

१४ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्रातल्या परमिट रूम आणि बारमालकांनी करवाढीच्या निषेधात एक दिवस धंदा बंद ठेवला. त्याआधी मार्चच्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला होता, की हॉटेलांना बिलात सक्तीने सेवा शुल्क लावता येणार नाही. तेव्हापासून गल्लीतल्या ‘बार अँड रेस्टॉरंट’वरून जो वाद घातला जातो आहे, तो दोन्ही बाजूंनी भरकटलेला आहे. मालक म्हणतात, सरकारने करांनी आमचे कंबरडे मोडले, मग खाण्यापिण्याचा दर्जा राहणार कसा? गिऱ्हाईक म्हणतात, सगळे हॉटेलवाले लुटारू. एक स्टार द्या आणि पुन्हा तिकडे फिरकू नका. माझे म्हणणे वेगळे आहे. कोपऱ्यावरच्या बारमधून माणूस नाराज होऊन बाहेर पडतो, तो महागाईमुळे नव्हे. महागाई त्याने गृहीत धरलेली असते. भाव, माप आणि दिलेल्या पैशाचे पुढे काय होते, या तिन्ही गोष्टी त्याच्यापासून झाकून ठेवलेल्या असतात, हे त्याला खुपते. ही झाकाझाक कुठल्याही करामुळे आलेली नाही आणि ती थांबवायला फारसा खर्चही येत नाही.

बारमधल्या गाऱ्हाण्यांवर लेख कसला लिहायचा, असे काहींना वाटेल. मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण चालत जाऊन चालत घरी येता येईल अशी बसायची जागा शहरात फार थोडी उरली आहे. आमच्या ठाण्यात रात्री आठनंतर दोन मित्रांना निवांत बोलायचे असेल, तर तलावपाळीचा कट्टा नाहीतर असा एखादा बार. कंपनीतून सुटलेला सुपरवायझर, निवृत्त कारकून, रिक्षाचा हप्ता फिटला म्हणून खूश झालेला माणूस, असे सगळे तिथे शेजारशेजारच्या टेबलांवर बसतात. मॉलमधल्या पबचा दरवाजा त्यांच्यासाठी नसतो. ही जागा बिघडली, की माणूस वाइन शॉपमधून क्वार्टर घेऊन पार्किंगमधल्या गाडीत बसतो, किंवा मैदानाच्या भिंतीआड. त्यातून काय होते, हे रात्रीची नाकाबंदी करणाऱ्या पोलिसाला विचारावे.

आता नाराजी म्हणजे नेमके काय, ते टेबलावर बसून पाहू. मेनू कार्डावरच्या निम्म्या किमतींवर कागदाचे तुकडे चिकटवून नवे आकडे घातलेले असतात, उरलेल्या निम्म्या जुन्याच. सुरमई आणि पापलेटपुढे किंमतच नसते. ‘साइजप्रमाणे’ एवढेच लिहिलेले असते. मालवण-वेंगुर्ल्याकडे अनेक खानावळींत कच्ची मासळी ताटात घालून दाखवतात आणि ही एवढ्याची, ती तेवढ्याची, असे तोंडावर सांगतात. इथे तुकडी तव्यावरून थेट बिलात येते. तुम्ही एक ब्रँड सांगता, वेटर म्हणतो, ‘‘तो संपलाय साहेब, हा देऊ?’’ आणि ‘हा’ दोन पायऱ्या महाग असतो, हे शेवटी कळते. न मागता पाण्याची सीलबंद बाटली फोडून ठेवली जाते. खालच्या हॉलचा दर वेगळा, वरच्या एसीचा वेगळा, आणि कुटुंबाला घेऊन गेलात तर विचारपूस न करता तुम्हाला वरच पाठवले जाते. आणि पेग? तो काउंटरच्या मागे, पाठमोऱ्या माणसाच्या हातून भरला जातो. ग्लास टेबलावर येतो तेव्हा त्यात बर्फ पडलेला असतो. तीस मिली होती की पंचवीस, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्गच नाही.

हे सगळीकडे असेच चालते असे मी म्हणत नाही. टेबलावर माप आणून डोळ्यांदेखत ओतणारे बार आहेत आणि तिथे वर्षानुवर्षे तीच माणसे येतात. पण ज्या बारमध्ये मापात चोरी होत नाही तिथेही ती होत असेल असा संशय गिऱ्हाइकाच्या मनात राहतो. म्हणजे झाकाझाकीची शिक्षा प्रामाणिक मालकालाही भोगावी लागते. मालकांच्या संघटनांना हे दिसत कसे नाही?

मालकांची बाजू खरोखर भक्कम आहे, आणि ती नीट मांडली पाहिजे. परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या दारूवरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. २०२५-२६ साठी परवाना शुल्क १५ टक्क्यांनी वाढले. मग जून २०२५ मध्ये देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क निर्मितिखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झाले. खाण्यावरचा ५ टक्के जीएसटी गिऱ्हाइकाला कमी वाटतो, पण नोव्हेंबर २०१७ पासून हॉटेलांना त्यात इनपुट क्रेडिट, म्हणजे स्वतः भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. जागेच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी भरायचा आणि त्यातला एक रुपयाही वळता करून घ्यायचा नाही, ही गोष्ट छोट्या मालकाच्या मुळावर येते. त्याआधी करोनाने मार्च २०२० पासून ऑक्टोबरपर्यंत शटर खाली ठेवले आणि उघडायला दिले तेही निम्म्या क्षमतेने. उडपी, कुंदापूर, गढवाल, नेपाळकडे गेलेली पोरे सगळी परत आली नाहीत. जेवण करणारा भंडारी मिळणे मुश्कील झाले. मग सुक्या मटणाची चव बदलली, ऑर्डर यायला पाऊण तास लागला, तर मी मालकाला दोष देणार नाही. भाव वाढवला तरीही नाही.

पण यातला कुठला कर मालकाला पेग काउंटरमागे भरायला सांगतो? हिशेब करून पाहू. दोनशे रुपयांच्या पेगवर व्हॅट पाच टक्क्यांनी वाढला म्हणजे गिऱ्हाइकाला दहा रुपये जादा पडले. तेवढ्यासाठी मंत्रालयापर्यंत निवेदने गेली, राज्यभर बंद झाला, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. त्याच दोनशेच्या पेगमध्ये पाच मिली कमी पडली, तर गिऱ्हाइकाचे तेहतीस रुपये गेले. ७५० मिलीच्या बाटलीतून तीस मिलीचे पंचवीस पेग निघायला हवेत; पंचवीस मिलीने भरले तर तीस निघतात. ते वरचे पाच पेग कुठल्या सरकारने मागितले होते? पेट्रोल पंपावरचा पोरगा नळी लावण्याआधी ‘‘झिरो बघा’’ म्हणतो आणि आपण मान वळवून आकडा बघतो. त्यात पंपवाल्याचा अपमान होत नाही, आपलाही नाही. मापावर वजने-मापे तपासणाऱ्या वैधमापन विभागाचा शिक्का असणे कायद्याने सक्तीचे आहे. शिक्क्याचे माप असताना ते गिऱ्हाइकासमोर आणायला संकोच का वाटावा?

सेवा शुल्काच्या वादातही हीच चूक होते. हे शुल्क कामगारांना मिळते, ते बंद केले तर वेटरच्या पोटावर पाय येईल, असे मालकांच्या बाजूने सांगतात. काही चांगल्या हॉटेलांत ते खरोखर स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत सगळ्यांत वाटले जाते, आणि मागे राबणाऱ्या, टिप कधीच न मिळणाऱ्या माणसाला त्यातून काही मिळते, हा मुद्दा मला पटतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या तेव्हा हॉटेलवाल्यांच्या दोन राष्ट्रीय संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ च्या निकालात त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या, वर प्रत्येकी एक लाख रुपये खर्चही भरायला सांगितला. पण निकालाने किंवा सूचनांनी मालकाला भाव वाढवायला कुठे मनाई केली आहे? अडीचशेची बिर्याणी पावणेतीनशेला विका, कार्डावर तसे छापा, त्यातून पगार द्या. हे मालकांना नको असते, कारण छापलेला आकडा गिऱ्हाईक आत येण्याआधी वाचतो आणि बिलातली सेवा शुल्काची दहा टक्क्यांची ओळ जेवण झाल्यावर. फ्रान्समध्ये सेवेचा मोबदला दरपत्रकातल्या किमतीतच धरावा लागतो, म्हणून तिथली हॉटेले बुडाली नाहीत. अमेरिकेने उलटा मार्ग धरला. तिथल्या संघराज्याच्या कायद्यात टिपवर काम करणाऱ्याचे किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवर अडकून पडले आहे, कारण उरलेला पगार टेबलावरचे गिऱ्हाईक देईल असे मालकांनी कायद्यात लिहून घेतले. वेटरच्या कल्याणाच्या नावाने आपल्याकडे कुठला मार्ग रुजतो आहे, याचा विचार सेवा शुल्काची तळी उचलणाऱ्यांनी करावा.

पाण्याच्या बाटलीचेही तसेच. छापील किमतीहून जास्त घेतले म्हणून बरेच जण वेटरशी भांडतात, पण कायदा तिथे मालकाच्या बाजूने आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हॉटेलात बाटलीबरोबर बसायची जागा आणि सेवाही असते, त्यामुळे एमआरपीचे बंधन तिथे लागू होत नाही. मला हा निकाल मान्य आहे. साठ रुपये घ्या, पण ‘‘साधे की बाटलीतले?’’ हा प्रश्न आधी विचारा आणि साठ हा आकडा कार्डावर असू द्या. मागितलेल्या वस्तूचे जादा पैसे देताना माणूस कुरकुरतो आणि विसरतो. न मागितलेली गळ्यात पडली, तर ती महिनाभर त्याच्या डोक्यात राहते.

मग शेवटचे उत्तर येते: पटत नसेल तर जाऊ नका. ऐकायला हे बिनतोड वाटते, आणि साड्यांच्या दुकानाबाबत ते बिनतोड आहेही. दादरला एका दुकानात नाही पटले तर शेजारी चार आहेत. पण बार असा कोणीही उघडू शकत नाही. त्याला परवाना लागतो, शाळा-देवळांपासून अंतर पाळावे लागते, वर्षाला मोठी रक्कम आगाऊ भरावी लागते. म्हणजे एका वस्तीत दोन नाहीतर तीनच बार असणार, हे कायद्यानेच जवळजवळ ठरवून टाकले आहे. स्पर्धेपासून एवढे संरक्षण मिळालेल्या धंद्याने ‘दुसरीकडे जा’ म्हणणे बरोबर नाही. शिवाय दुसरीकडे म्हणजे कुठे? घोडबंदर रोडला दुचाकीवरून? चालत जाण्याच्या अंतरातला बार नीट असणे ही सार्वजनिक सुरक्षेचीही बाब आहे.

आता प्रश्न उरतो तो गिऱ्हाइकाचा. भाजीवाल्याकडे पन्नास ग्रॅमसाठी तराजूवर नजर ठेवणारा मराठी माणूस बारमध्ये गप्प का बसतो? दूधवाल्याला पाणी घातल्याबद्दल जाब विचारणारा, पेगबद्दल का विचारत नाही? मला याचे उत्तर आपल्या दारूबंदीच्या इतिहासात दिसते. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा बराचसा भाग कायम ठेवला. डॉक्टरच्या दाखल्यावर, प्रकृतीच्या कारणासाठी परवाना मिळे. बाकीच्यांसाठी चोरून दारू विकणारे आंटीचे अड्डे होते. त्या अड्ड्यावर ग्लासात काय आहे, किती आहे, हे विचारायची सोय नव्हती. विचारणारा स्वतःच गुन्हेगार होता. वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली, परमिट रूम आल्या, पण कायदा गेला नाही आणि परवानाही गेला नाही. आजही महाराष्ट्रात दारू प्यायला वैयक्तिक परवाना लागतो: विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा ५ रुपयांना, वर्षाचा १०० रुपयांना, आजन्म १,००० रुपयांना. आरोग्य राखण्यासाठी पिण्याची ही परवानगी, असे त्याच्यावर अजून छापलेले असते. किती जणांच्या खिशात तो असतो, हे प्रत्येक वाचकाने आपापल्या मित्रमंडळींत विचारून पाहावे.

त्यामुळे बारमध्ये बसलेला माणूस मनातून अर्धा आरोपी असतो. तक्रार करायची तर कुणाकडे? राज्य उत्पादन शुल्काच्या माणसाने पहिला प्रश्न ‘तुमचा परवाना दाखवा’ असा केला तर? घरी कळले तर? ‘दारू पिऊन गोंधळ घातला’ असे मालकाने पोलिसांना सांगितले तर? १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. धान्य, तेल, डाळ, साबण यांत मध्यमवर्गाला ताठ उभे राहून माप मागायला या चळवळीने शिकवले, हे तिचे फार मोठे काम आहे. पण तिचा जीव घरच्या किराण्यात होता आणि त्या काळी ते रास्तच होते. पिणाऱ्याचा हक्क म्हणजे गिऱ्हाइकाचाच हक्क, हे बोलून दाखवायला सभ्य समाजातले कोणी पुढे आले नाही. या मौनाची जबर किंमत खालच्या थरात मोजली जाते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती हातभट्टीची दारू होती, परमिट रूमची नव्हे. दोन्हींची बरोबरी मी करत नाही. पण ‘ग्लासात काय आहे ते विचारायचे नसते’ ही शिकवण दोन्हीकडे एकच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र डाळ घेणारा वेगळा आणि दारू घेणारा वेगळा, असा भेद नाही.

गप्प बसलेल्या माणसाचा राग कुठेतरी निघतोच, आणि तो निघतो वेटरवर. वेटरला ‘अरे-तुरे’ करणारा गिऱ्हाईक गल्ल्यावर बसलेल्या अण्णांना मात्र ‘कसं काय शेठ’ म्हणून हसतो आणि निघून जातो. घरी जाऊन मग फोनवर एक स्टार आणि वेटरच्या वागण्यावर दोन ओळी. ज्याने भाव ठरवला नाही, माप भरले नाही, बिल बनवले नाही, त्याची नोकरी त्या दोन ओळींनी जाऊ शकते. सकाळी अकराला उभा राहिलेला तो माणूस रात्री एकला शटर ओढून त्याच हॉलमध्ये टेबले जोडून झोपतो. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ तासांची मर्यादा लिहिली होती, हे त्याच्या गावीही नसते. एकेकाळी मुंबईत दिवसा हॉटेलात बश्या उचलून रात्रशाळेत शिकलेली कानडी मुले पुढे स्वतः मालक झाली. आजच्या वेटरला शाळा सोडा, साप्ताहिक सुट्टी मिळाली तरी पुष्कळ. त्याच्यावर राग काढणे हा भेकडपणा आहे, असे मी स्पष्ट म्हणतो. तक्रार गल्ल्यावर करावी, मालकाच्या तोंडावर, शांतपणे, बिल हातात धरून. आणि मालकाने ऐकले नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

पारदर्शक हिशेबाने धंदा बुडतो, ही भीती खोटी असल्याचा पुरावा मुंबईतच आहे. १९४२ साली रामा नायकांनी माटुंगा स्टेशनबाहेर सुरू केलेल्या उडपी खानावळीत आधी गल्ल्यावर पैसे देऊन कूपन घ्यायचे आणि मग पानावर बसायचे. जेवायच्या आधी भाव कळलेला असतो, नंतर कसलाच धक्का नसतो. करोना आला, भाडी वाढली, पिढ्या बदलल्या, तरी रांग हटली नाही. उडपी मालकांनी इडली-डोशाच्या धंद्यात जे जपले, ते त्याच गावांकडून आलेल्या मालकांना बारच्या धंद्यात जपता येणार नाही, असे मी मानायला तयार नाही.

मागणी अवघड नाही. मद्याच्या प्रत्येक ओळीपुढे मिलीलिटर आणि सर्व करांसह किंमत छापा, एसीचा दर त्याच ओळीत द्या. माप टेबलावर आणून ओता. टिप कशी वाटली जाते, याचा कागद गल्ल्याजवळ लावा. वैधमापन विभागाने बारमधली मापे तपासायला सकाळी रिकाम्या हॉलमध्ये न जाता रात्री नऊला गिऱ्हाईक म्हणून जावे. आणि राज्याने वैयक्तिक परवान्याची ही जुनी अट काढून टाकावी. ती काढली तर वयावर नियंत्रण राहणार नाही, असा आक्षेप येईल. पण कडक मद्याला २५ आणि बिअरला २१ ही वयाची अट कुठलेही सरकारी ओळखपत्र पाहून तपासता येते. पाच रुपयांच्या कागदाने ती आजवर कितीशी तपासली गेली? महसुलाचे म्हणाल, तर २०२५ च्या शुल्कवाढीतून सरकारने वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज धरला आहे. हे सगळे पैसे ज्याच्या खिशातून येणार, त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून वसुली करणे सरकारलाही शोभत नाही. परवान्याची अट काढण्याचा निर्णय हिवाळी अधिवेशनात व्हावा, आणि तो मागायला हॉटेलमालकांची ‘आहार’ आणि ग्राहक पंचायत यांनी एकत्र जावे. या एका मुद्द्यावर दोघांचे हित एकच आहे.